एका कुत्र्याचीं चार नांवें

बुलढाणा जिल्ह्यांतील संग्रामपूर तालुका सातपुड्याच्या पायथ्याशीं वसला आहे. उत्तरेस अंबाबरव्याचें अरण्य आणि खालीं काळ्या मातीचीं कपाशीचीं व ज्वारीचीं शेतें. पिकें निघालीं कीं या मोकळ्या शेतांत धनगरांचीं मेंढरें बसतात. लेंडीखताच्या मोबदल्यांत शेतकरी धनगरास धान्य अथवा रोख रक्कम देतो. कळपाच्या कडेला दोन-चार कुत्रीं पडून असतात. कोणी काळें, कोणी तांबूस, कोणी ठिपक्याठिपक्यांचें. हीं कोणत्या जातीचीं, या प्रश्नाला धनगराजवळ उत्तर नसतें. कुत्रें रात्रीं जागें राहतें किंवा नाहीं, एवढीच त्याची परीक्षा. हाच प्रश्न एका दूरच्या देशांत मात्र मोठ्या गांभीर्यानें विचारला गेला, आणि त्याच्या उत्तरावरून विद्वानांत बरींच भांडणेंही झालीं. तो देश बेल्जियम.

तेथील मेंढपाळाचा कुत्रा आपल्या धनगराच्या कुत्र्याहून वेगळें काम करी. शेतांना कुंपणें नसत. तेव्हां मेंढरें शेजाऱ्याच्या पिकांत शिरूं नयेत म्हणून बांधाच्या कडेनें सारखें धांवत राहणें, हें त्याचें मुख्य कर्तव्य. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कुंपणें आलीं, आगगाडी आली, परदेशची स्वस्त लोंकर आली. कळप ओसरले आणि कुत्रा बेकार होण्याची वेळ आली. अशा वेळीं, १८९१ च्या सप्टेंबरांत, ब्रुसेल्स येथें या कुत्र्याच्या रक्षणासाठीं एक मंडळ स्थापन झालें. त्याच वर्षीं १५ नोव्हेंबर रोजीं क्यूरेगेमच्या पशुवैद्यक विद्यालयाचे प्राध्यापक आदोल्फ रूल यांनीं ११७ कुत्रीं एकत्र आणवून त्यांची पाहणी केली. त्यांना काय आढळलें? बांधा एक, डोकें एक, उभे त्रिकोणी कान एक, चपळाई एक; भेद काय तो केसांचा.

या केसांवरूनच पुढें चार नांवें पडलीं, आणि चारही गांवांचीं. लांब काळ्या केसांचा तो ग्रोनेनडाल. ब्रुसेल्सजवळच्या त्या गांवीं उपाहारगृह चालविणाऱ्या निकोलस रोज यांनीं तो वाढविला. लांब केसांचा, तांबूस अंगाचा, काळ्या तोंडाचा तो तेर्व्यूरेन. तोच रंग, तेंच काळें तोंड, परंतु केस आंखूड असले म्हणजे मालिन्वा. हें नांव मेखेलेन शहराच्या ‘मालिन’ या फ्रेंच नांवावरून आलें. चौथा लाकेन्वा, राठ विस्कटलेल्या केसांचा, राजवाड्याच्या लाकेन गांवचा. याच्याकडे मेंढरांखेरीज आणखी एक काम असे: उन्हांत वाळत घातलेल्या तागाच्या कापडाची राखण. चौघांत आज हाच सर्वांत विरळा आहे.

१८९८ सालीं मंडळानें ठराव केला कीं, लांब केस असतील तर रंग काळाच हवा, आंखूड असतील तर तांबूस, आणि राठ असतील तर राखी. कागदावर हें फार नीटनेटकें दिसलें. परंतु निसर्ग ठरावास बांधलेला नसतो. दोन काळ्या ग्रोनेनडालांच्या पोटीं कधीं कधीं तांबूस पिल्लूं जन्मतें, कारण तांबूसपणा काळ्या रंगाखालीं पिढ्यान्‌पिढ्या दडून राहूं शकतो. आंखूड केसांच्या मातापित्यांस लांब केसांचें अपत्य होतें, तेंही याच कारणानें. तेर्व्यूरेन वर्गांतील पहिला विजेता म्हणून १९०७ सालीं नांवाजलेला मिल्सार्त हा एका काळ्या ग्रोनेनडालाचाच पुत्र होता! म्हणजे एकाच आईच्या कुशींत दोन ‘प्रकार’ भावंडें म्हणून लोळत असतात. युरोपांतील श्वानसंघ या चौघांना एकाच जातीचे चार प्रकार मानतो, आणि तेंच सयुक्तिक होय. अमेरिकेनें १९५९ मध्यें तिघांना तीन निरनिराळ्या जाती ठरविलें व लाकेन्वाला तर २०२० पर्यंत तिष्ठत ठेविलें. जातिभेदाची हौस एकट्या हिंदुस्थानालाच आहे असें मानण्याचें कारण नाहीं.

कुत्रा वांचला तो मात्र या ठरावांमुळें नव्हे. १८९९ सालीं घेंट शहराच्या पोलिसांनीं रात्रीच्या गस्तीसाठीं कुत्रीं घेतलीं आणि मेंढपाळाच्या या सेवकाला नवा धनी मिळाला. पहिल्या महायुद्धांत त्यानें निरोप पोंचविले. तेथून पुढें मालिन्वा सर्वांच्या पुढें गेला. आंखूड केसांना निगा कमी लागते आणि त्याची काम करण्याची ओढही विलक्षण असते. आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलानेंही बंगळूरजवळ तरळू येथील शाळेंत मालिन्वा तयार केले आणि पेरलेले सुरुंग हुडकण्याच्या कामीं त्यांचा उपयोग केला.

धनगराच्या कुत्र्याला असा दुसरा धनी कोठें आहे? तो मेंढरें वळवीत नाहीं; तें काम धनगर शीळ, हांक आणि काठी यांनींच करतो. कुत्र्याचें काम लांडग्याला व बिबट्याला कळपापासून दूर ठेवण्याचें. त्याचा मान लहान नाहीं: खंडोबाच्या मूर्तीजवळ कुत्रा असतो आणि त्या देवाचे वाघ्ये स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवितात. पण सरकारदरबारीं त्याची ओळख नाहीं. २००५ सालीं टपाल खात्यानें चार देशी कुत्र्यांचीं तिकिटें काढलीं. त्यांत घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानचा शिकारी कुत्रा आला, हिमालयांतला मेंढपाळी कुत्राही आला. दख्खनच्या धनगराचा आला नाहीं. इकडे चराईचीं रानें आटत चाललीं आहेत. अंबाबरवा हें मेळघाट व्याघ्र प्रकल्पांतील अभयारण्य असल्यानें तें रान मेंढरांना बंद आहे. कळप मोडला कीं कुत्रा गांवांतल्या उकिरड्यावर जातो आणि चार-सहा पिढ्यांत त्याचा जागतेपणा इतर कुत्र्यांत मिसळून जातो.

तूर्त तो पिकें निघालेल्या त्या शेतांत आहे. त्याच्या प्रकाराला नांव नाहीं. पण धनगरानें प्रत्येकाला वेगळें नांव दिलेलें असतें, मोत्या, खंड्या, वाघ्या, आणि अंधारांत हांक गेली कीं ज्याची त्यालाच ती कळते.