बारावीनंतर वाणिज्य, अर्थशास्त्र आणि दृश्यकला : छत्रपती संभाजीनगरमधील पदवी शिक्षणाची ओळख



वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणाची माहिती पालकवर्गाला सहज मिळते. वाणिज्य, अर्थशास्त्र आणि दृश्यकला ह्या तीन क्षेत्रांविषयी मात्र पुष्कळदा ऐकीव माहितीवरच निर्णय घेतले जातात. परिणामी एखाद्या होतकरू मुलीचे वर्ष केवळ वेळेवर अर्ज न भरल्यामुळे वाया जाते. म्हणून ह्या तिन्ही क्षेत्रांची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत. अभ्यासक्रम निवडताना त्याच्या नावाबरोबरच प्रवेशाची वाट कोणती, हे प्रथम पाहावे, असे आम्हांस आवर्जून सांगावेसे वाटते. काही पदव्यांना बारावीचे गुण पुरतात. काहींना प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिचे अर्ज बारावीच्या निकालापूर्वीच भरावे लागतात.

शैक्षणिक पार्श्वभूमी

शहराच्या मध्यवर्ती भागातील क्रांती चौक आपल्या नावाने १८५७ च्या उठावाची आठवण जपतो. महाविद्यालयांच्या शोधात निघालेल्या विद्यार्थ्याला हा चौक सोयीचा आहे. लगतच्या समर्थनगरात विवेकानंद महाविद्यालय, पैठण गेटपलीकडे औरंगपुऱ्यात सरस्वती भुवन महाविद्यालय आणि रेल्वे स्थानकाच्या दिशेने देवगिरी महाविद्यालय आहे.

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातील उच्च शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले; तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले व १९९४ साली त्याला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्यात आले. १९६० साली देवगिरी महाविद्यालय व नागसेनवनातील डॉ. आंबेडकर वाणिज्य महाविद्यालय, तर १९६३ साली मौलाना आझाद महाविद्यालय सुरू झाले. खेड्यातील मुलामुलींना पदवीसाठी हैदराबादला जावे लागू नये, ही गरज ह्या संस्थांनी भागवली.

वाणिज्य व व्यवस्थापन

बी.कॉम. आणि बी.बी.ए. ह्या दोन पदव्या एकच समजण्याची गल्लत सर्रास होते. बी.कॉम.मध्ये हिशेबशास्त्र, लेखापरीक्षण, करआकारणी व व्यापारी कायदे ह्यांवर भर असतो. बी.बी.ए.मध्ये विपणन, मनुष्यबळ, वित्त व उद्योगाचे व्यवस्थापन शिकविले जाते. बी.कॉम.ला महाविद्यालये सामान्यतः बारावीच्या गुणांवर प्रवेश देतात. बी.बी.ए.ची गोष्ट निराळी आहे. २०२४-२५ पासून ही पदवी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आली आणि महाराष्ट्रात त्याच वर्षी तिच्यासाठी राज्य सीईटी कक्षाची सामाईक परीक्षा सुरू झाली. ह्या परीक्षेत इंग्रजी व तर्कशक्ती ह्यांना मोठे महत्त्व आहे. मराठी माध्यमातील मुलांनी अकरावीपासूनच इंग्रजी वाचनाचा सराव ठेवावा.

सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्यांना बारावीनंतर फाउंडेशन परीक्षेचा मार्ग आहे. ती न देता वाणिज्य पदवीला किमान ५५ टक्के गुण मिळविल्यास थेट इंटरमिजिएटसाठी नोंदणी करता येते. अन्य बहुतेक शाखांच्या पदवीधरांना त्यासाठी ६० टक्के लागतात. चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींमुळे हिशेब, खरेदी व मालसाठ्याची कामे जाणणाऱ्या तरुणांना शहरातच अनुभव घेण्याची संधी आहे.

अर्थशास्त्र

अर्थशास्त्र येथे प्रामुख्याने बी.ए.चा विषय म्हणून शिकविले जाते व मराठीतून उत्तरे लिहिण्याची सोय असते. स्पर्धा परीक्षा, बँका, सहकारी संस्था व अध्यापन ह्यांसाठी हा पाया उपयुक्त आहे. वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या मराठवाड्यात शेतमालाचा भाव, कर्ज व स्थलांतर हे ह्या विषयाचे जिवंत प्रश्न आहेत. मात्र पुढे पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेसारख्या ठिकाणी शिकण्याची इच्छा असल्यास गणित व संख्याशास्त्र सोडून चालत नाही. दहावीनंतर घाईने गणित सोडणाऱ्या विद्यार्थ्याने ह्याचा विचार आधीच करावा.

दृश्यकला

अजिंठ्याची लेणी ह्याच जिल्ह्यात आहेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून अनेक हंगाम येथे राहून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. कलाशिक्षणाचा हा वारसा असूनही चित्रकलेकडे आजही केवळ छंद म्हणून पाहिले जाते. वस्तुतः बी.एफ.ए. ही चार वर्षांची व्यावसायिक पदवी असून शहरातील शासकीय कला महाविद्यालयात ती घेता येते. उपयोजित कलेतून जाहिरात, प्रकाशन व वेष्टनरचना ह्यांचे मार्ग खुले होतात. रेखा व रंगकलेतून चित्रकार घडतो. बारावीची कोणतीही शाखा चालते. परंतु राज्य सामाईक परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र व सामान्य ज्ञान ह्यांची कसोटी लागते. हाताला सराव नसेल तर बारावीचे उत्तम गुणही कामी येत नाहीत. शालेय वयातील एलिमेंटरी व इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा ह्या दृष्टीने मोलाच्या आहेत.

कालावधी, खर्च व सवलती

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी तीन वर्षांची, तर ऑनर्स पदवी चार वर्षांची आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र व दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन थांबता येते. आर्थिक अडचणीने शिक्षण सोडावे लागणाऱ्यास ही तरतूद आधाराची आहे.

२०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीभूत प्रक्रियेने प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावेत. उत्पन्नाचा व जातीचा दाखला मिळण्यास वेळ लागतो. तो बारावीच्या वर्षीच काढून ठेवावा.

पालकांना आमची विनंती आहे की, बारावीच्या डिसेंबरमध्येच पाल्यासोबत बसून त्याचा कल, गणिताची तयारी व घरची ऐपत ह्यांचा विचार करावा. जानेवारीपासून सीईटी कक्षाच्या सूचना नियमित पाहाव्यात आणि शुल्क भरण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन संलग्नता व अनुदानाची स्थिती स्वतः विचारून घ्यावी.