राजुऱ्याहून समुद्र किती लांब?

यंदा दिवाळीच्या सुट्टीत समुद्र पाहायला जायचे असे घरात ठरले. कोणता समुद्र, हे मात्र ठरेना. धाकट्याला तारकर्लीला पाण्याखाली जाऊन मासे पाहायचे होते. बेगमला गोवा हवे होते. अम्मीचे म्हणणे एकच, जिथे जवळ मशीद आणि बरे जेवण असेल तिथे न्या. मोठी मुलगी काहीच बोलली नाही. नंतर एकटी असताना तिने विचारले, "अब्बू, आपण खरंच बाहेरून आलो का?" कॉलेजात कोणीतरी तिला तसे सुनावले होते. तेव्हापासून किनारा निवडण्याचा प्रश्न माझ्यापुरता बदलला.

राजुरा आणि समुद्र यांचा संबंध काय, असे कोणीही विचारेल. आमचा तालुका निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 साली तो नांदेडला जोडला गेला आणि 1959 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात आला. नकाशावर पाहिले तर आम्हाला जवळचा समुद्र मुंबईचा नाही, पूर्वेचा आहे. बल्लारशाहहून गाडीत बसून वरंगल, विजयवाडा करत मछलीपट्टणला पोहोचता येते. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचे ते मोठे बंदर. तिथून मक्केच्या वाटेवरची गलबते सुटत. पुढे तो सारा किनारा इंग्रजांकडे गेला आणि निजामाचे एवढे मोठे राज्य समुद्राविना उरले. 1947-48 च्या धामधुमीत निजाम सरकारने पोर्तुगीजांकडून गोव्याचे बंदर मिळवण्याची खटपट केली, ती या कोंडीतूनच.

आमच्या घरात समुद्र पाहिलेले पहिले माणूस म्हणजे दादा. तेही एकदाच, मुंबईहून जहाजाने हजला जाताना. ती जहाजे 1995 मध्ये बंद झाली. दादांना किनारा निवडावा लागला नाही. हजची जहाजे जिथून सुटत, तोच त्यांचा किनारा.

मी मात्र कागदावर तीन नावे लिहिली.

पहिले चौल-रेवदंडा. अलिबागच्या दक्षिणेला, नारळी-पोफळीच्या बागांमधले गाव. अरब लोक याला सैमूर म्हणत. हिजरी 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916 च्या सुमारास, बगदादचा प्रवासी अल-मसूदी इथे आला. इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात असे त्याने लिहून ठेवले आहे. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, तर काही इथेच जन्मलेले. त्यांचे आपसातले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख असे. त्याला 'हुनरमन' म्हणत, आणि त्याला राजाची मान्यता असे. राज्य होते राष्ट्रकूटांचे आणि त्यांच्या हाताखालच्या शिलाहारांचे. अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला 1296 मध्ये. म्हणजे त्याच्या 380 वर्षे आधी कोकणात मुसलमान वस्ती करून होते. ते व्यापारासाठी आले, मोसमी वाऱ्यांचे वेळापत्रक पाळत.

दुसरे दाभोळ. वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते तिथले बंदर, बहमनींचे आणि मग आदिलशाहीचे. 1508 च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाने हे शहर जाळले. पुढे पोर्तुगीजांचा परवाना असल्याशिवाय जहाज समुद्रात काढणे धोक्याचे झाले. हजला जाणाऱ्यांनाही त्यातून सुटका नव्हती. आज खाडीकाठी दगडी मशीद उभी आहे. विजापूरच्या एका शहजादीला हजला जाता आले नाही, म्हणून तिने त्या पैशातून ती बांधली, असे गावात सांगतात.

तिसरे चिंचणी. पालघर जिल्ह्यातला, डहाणूच्या अलीकडचा सुरूच्या झाडांचा किनारा. इथे काही ताम्रपट सापडले. त्यातला एक शके 848 चा, म्हणजे इसवी सन 926 चा. त्यात राष्ट्रकूटांच्या एका अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. तो ताजिक, म्हणजे अरब. संस्कृतात त्याचे नाव मधुमती असे लिहिले आहे. अभ्यासक ते मुहम्मद या नावाचे रूप मानतात. संजाणचा सारा प्रदेश राजाने त्याच्याकडे सोपवला होता. त्याच्या संमतीने देवीच्या मठाला जमीन आणि गाव दान दिल्याची नोंद या पटात आहे. आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत. त्याने दोन प्रवाहांवर फुकट नाव ठेवली, आणि संजाणला अन्नछत्र घातले, तिथे भात, कालवण आणि तूप मिळे.

फुकट नावेचे मोल राजुऱ्याच्या माणसाला सांगावे लागत नाही. पावसाळ्यात वर्धेच्या पुलावरून पाणी गेले की बल्लारपूरचा रस्ता बंद होतो आणि दवाखान्याला निघालेला माणूस अलीकडेच अडकतो.

हे सगळे गोड करून सांगायचे नाही. हाच मधुमती इतर बंदरांचे प्रमुख जिंकून तिथे आपली माणसे बसवत होता. त्याआधी, सातव्या शतकात, अरबांच्या आरमाराने ठाण्यावर स्वारी केली होती. खलिफा उमर यांना ती पसंत पडली नाही, असे बलाझुरी लिहितो. याच समुद्रावरून आफ्रिकेतली माणसे गुलाम म्हणून विकायलाही आणली गेली. किनाऱ्यावर व्यापार आला तसा जुलूमही आला.

आणि मुलीला आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती. आपले पूर्वज अरब होते, असे मी म्हणणार नाही. आपल्यात अनेकांना तसे म्हणायला आवडते, पण माझ्याकडे पुरावा नाही. बहुतेक ते याच मातीतले असतील, कोणत्या तरी पिढीत कलमा पढलेले. मी तिला एवढेच म्हणालो, "बेटा, कोण कुठून आला याचा हिशेब लावायला बसलं, तर या किनाऱ्यावर कोणाचाच हिशेब सरळ लागत नाही. चिंचणीच्या त्या पटात राजा कन्नड मुलखातला, अधिकारी अरब, दान देवीच्या मठाला आणि भाषा संस्कृत. त्यातला बाहेरचा कोण, ते तूच सांग."

ती म्हणाली, "मग आधी चिंचणीलाच जाऊ."

तारकर्ली पुढच्या वर्षावर गेली, धाकटा रुसला. अम्मीने विचारले, तिथे मशीद आहे का? आहे म्हटल्यावर त्या तयार झाल्या. बल्लारशाहहून मुंबई, मग पश्चिम रेल्वेने वाणगाव, तिथून थोडा रस्ता. तिकिटे काढली आहेत. परतीच्या वाटेवर रेवदंड्यालाही एक रात्र राहू.