अल्बेंडाझोल

जंतांवर तोंडाने घ्यायचे औषध. बोलीत ‘जंताची गोळी’. बेंझिमिडाझोल गटातले हे द्रव्य १९७० च्या दशकात आधी गुराढोरांसाठी आणि पुढच्या दशकात माणसांसाठी वापरात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. जंताच्या पेशीतील ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटून ते पेशीचा सांगाडा मोडते. जंताला ग्लुकोज शोषता येईनासे होते आणि त्याचा ऊर्जासाठा संपतो. बाजारात ४०० मिलिग्रॅमची चघळायची गोळी आणि १० मिलिलिटरच्या बाटलीत पातळ औषध (५ मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम) मिळते.

मात्रा : या औषधाची मात्रा जंताचा मुक्काम शरीरात कुठे आहे यावरून ठरते, हे एक ध्यानात घेतले की त्याबद्दलचे बहुतेक गोंधळ सुटतात. गोळीचा अगदी थोडा भाग रक्तात उतरतो, बाकीचा आतड्यातच राहतो. जंतही आतड्यातच असतील तर ही उणीव सोयीचीच ठरते. म्हणूनच दोन वर्षांच्या बाळाला आणि १९ वर्षांच्या मुलाला एकच ४०० मिलिग्रॅमची मात्रा चालते, वजनाचा हिशेब करावा लागत नाही. २०१५ पासून पाळल्या जाणाऱ्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाचा आधार हाच आहे. फेब्रुवारी आणि ऑगस्ट हे त्याचे मूळ महिने. पुण्याच्या वारजे भागातील शाळा-अंगणवाड्यांनाही लागू असलेला नियम असा : एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी, दोन चमच्यांमध्ये पूड करून पाण्यात कालवून, दोन ते तीन वर्षांच्या मुलाला पूर्ण गोळी, तीही पूड करूनच, त्यापुढच्यांनी सेविकेच्या किंवा शिक्षकांच्या समोर चावून खायची. पूड करण्याचा आग्रह घशात गोळी अडकू नये म्हणून आहे आणि तो कधीही सोडू नये. त्या दिवशी आजारी असलेल्या मुलाला गोळी देत नाहीत. आधी उपास घडवणे किंवा नंतर एरंडेल पाजणे, दोन्ही अनावश्यक. मूल झोपेत दात खाते एवढ्यावरून जंत ठरवू नयेत.

गोलकृमी आणि अंकुशकृमींवर एक गोळी सहसा पुरते. चाबूककृमींवर एकाच मात्रेचा परिणाम उणा पडतो. सुतकृमींसाठी दोन आठवड्यांनी पुन्हा गोळी घ्यावी लागते आणि घरातल्या सर्वांनी एकदम घेतली तरच उपयोग होतो.

जंताची अळी आतड्याबाहेर पडून मेंदूत किंवा यकृतात घर करून बसली की सगळे गणित उलटते. आता औषध रक्तात उतरायलाच हवे. तेल-तुपाच्या जेवणाबरोबर घेतल्यास त्याचे रक्तातील प्रमाण पाचपटीपर्यंत वाढते. मेंदूतील गाठींसाठी (न्यूरोसिस्टिसर्कोसिस) दर किलो वजनामागे दिवसाला १५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, ८ ते ३० दिवस. यकृतातील हायडॅटिड गाठीसाठी दिवसाला दोनदा ४०० मिलिग्रॅम, २८ दिवसांची फेरी आणि मध्ये १४ दिवसांची विश्रांती, अशा तीन फेऱ्या. या काळात दर दोन आठवड्यांनी रक्तपेशी आणि यकृताची तपासणी लागते, कारण दीर्घ वापरात दोन्हींना इजा होऊ शकते. मेंदूतील गाठ मरताना सूज येऊन फेफरे उसळू शकते. म्हणून स्टेरॉइड जोडीला असते आणि डोळ्यात गाठ नाही ना, हे आधी पाहतात. ‘आम्ही शाकाहारी, आम्हाला डुकराच्या पट्टकृमीचा काय धोका’ हा आक्षेप नेहमी येतो. मेंदूतील गाठी मांसातून होत नाहीत. पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून माती, न धुतलेली कोथिंबीर-पालक आणि अस्वच्छ हात यांमार्फत पोटात जातात, आणि त्यांना खाणाऱ्याचा आहार विचारायचा नसतो.

यावर कोणी म्हणेल, मग शाळेतली गोळीही तुपाबरोबर का देऊ नये? आतड्यातल्या जंतासाठी रक्तात उतरलेले औषध काही जास्तीचे काम करत नाही, म्हणून.

आंतरक्रिया : रक्तात उतरणारा भाग यकृतात अल्बेंडाझोल सल्फॉक्साइडमध्ये बदलतो; उतींमधल्या जंतांवर काम करणारे रूप ते. फेनिटोइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन ही फिटची औषधे त्याचे रक्तातील प्रमाण घटवतात. मेंदूत गाठी असणाऱ्याला फिट येतात आणि तो बहुधा यांतलीच गोळी घेत असतो, त्यामुळे ही आंतरक्रिया सर्वांत महत्त्वाची. उलट डेक्सामेथासोन, प्राझिक्वांटेल आणि सिमेटिडीन हे प्रमाण वाढवतात. शाळेतल्या एका मात्रेच्या बाबतीत या सर्वांना फारसे महत्त्व उरत नाही.

गर्भारपण : पहिल्या तीन महिन्यांत घेऊ नये.

साठवण : कोरड्या जागी, उजेडापासून दूर, पाकिटावर छापलेल्या तापमानाखाली (सहसा २५ किंवा ३० अंश सेल्सिअस). पुण्याचा पारा एप्रिल-मेमध्ये ४० च्या आसपास जातो. दुचाकीच्या डिकीत किंवा शेगडीजवळच्या फडताळात पाकीट ठेवू नये. पातळ औषध तळाशी बसते, बाटली नीट हलवूनच द्यावी.

सामूहिक वाटपाचा वाद : सरसकट सर्व मुलांना गोळी द्यावी का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख बालकांवर झालेल्या ‘देवता’ चाचणीत (२०१३ साली प्रसिद्ध) दर सहा महिन्यांच्या गोळीने मृत्युदरात किंवा वजनात ठळक फरक दिसला नाही. अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन समीक्षेचा कौलही तसाच थंड आहे. हे पुरावे गंभीर आहेत, ते झटकून टाकता येणार नाहीत. तरी त्यांनी मोजली ती सरासरी. ज्या मुलाच्या पोटात जंतच नाहीत त्याचे वजन गोळीने वाढणार नाही, आणि अशी पुष्कळ मुले हिशेबात आली की अंकुशकृमींनी रक्त पिऊन पांढरे पडलेल्या मुलाचा फायदा आकड्यांत बुडून जातो. प्रत्येकाच्या शौचाची तपासणी करून जंत असणारे वेचून काढणे गोळीपेक्षा कितीतरी महाग आहे आणि एका मात्रेचा अपाय किरकोळ असतो : मळमळ, पोटदुखी. म्हणून प्रस्तुत नोंद वाटपाच्या बाजूने आहे, एका अटीवर : सोबत शौचालयांची सोयही हवी. गोळी पोटातले जंत मारते, पुढची लागण रोखत नाही. खडकवासल्याचे पाणी वारजे जलकेंद्रात शुद्ध होऊन नळाला येते. पण जंतांची अंडी मातीतूनही येतात आणि मातीत ती महिनोन्‌महिने टिकतात. बांधकाम मजुरांच्या वस्तीत पुरेशी शौचालये नसतील तर सहा महिन्यांनी तीच मुले पुन्हा त्याच रांगेत दिसतील.

 

घरात कोणाला फिटची गोळी चालू असेल, कोणाला कारण न कळता झटके येऊन गेले असतील किंवा कोणी गर्भार असेल, तर जंताची गोळी देण्याआधी सेविकेला किंवा डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. मेंदूतील लपलेली गाठ या गोळीने उघडी पडू शकते, असा इशारा औषधाच्या माहितीपत्रकातच दिलेला असतो.