त्याला कळतं

आमच्या धाकट्या जाऊबाईंचा मुलगा पाच वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा सासूबाईंनी सगळा दोष जाऊबाईंवर टाकला. तू नोकरीला गेलीस, लेकराला माया कमी पडली, म्हणून असं झालं. बेळगावातल्या आमच्या माजघरातलं ते बोलणं मला तेव्हा जुन्या वळणाचं वाटलं. पुढं वाचायला लागले तर अमेरिकेतले मोठमोठे डॉक्टरही तेच म्हणत होते की!

१९४३ साली लिओ कॅनर यांनी ११ मुलांची माहिती देऊन ऑटिझमचं वर्णन केलं. पहिला मुलगा डोनाल्ड. त्याच्या वडिलांनी ३३ पानांचं पत्र डॉक्टरांना पाठवलं होतं. त्याच निबंधात, या मुलांचे आईबाप फारसे मायाळू नाहीत, अशीही नोंद आहे. १९६७ मध्ये ब्रुनो बेटलहाइम यांनी तर आयांनाच धारेवर धरलं. बर्नार्ड रिमलंड यांनी हे म्हणणं १९६४ मध्येच खोडून काढलं होतं. ते स्वतः अशाच मुलाचे वडील. तरी आयांवरचा डाग लवकर पुसला नाही.

डॉक्टर बोलले, वडिलांनी लिहिलं, आईला बोल लागला. मुलाला मात्र कुणी विचारलं नाही. त्याला स्वतःची जाण असते, हेच मुळी कुणाला पटत नव्हतं. आपला ‘स्वमग्न’ हा शब्दसुद्धा बाहेरून बघणाऱ्यानंच केलेला.

१९८६ मध्ये टेंपल ग्रँडिन यांचं आत्मकथन आलं. त्यांचा जन्म १९४७ चा, बॉस्टनचा. साडेतीन वर्षांपर्यंत त्या बोलल्या नाहीत. वडिलांना त्यांना संस्थेत ठेवायचं होतं, आई यूस्टेशिया ठाम राहिल्या. ही मुलगी सहा महिन्यांची असल्यापासून कडेवर घेतलं की ताठ व्हायची, अंग काढून घ्यायची. कुठल्याही आईला वाटेल, हिला मी नकोशी आहे. टेंपल लिहितात ते वेगळंच. मिठी त्यांना हवी असायची, पण स्पर्शाची लाट अशी अंगावर यायची की जीव गुदमरायचा. पुढं नात्यातल्या एका बाईंच्या गुरांच्या वाड्यावर त्यांनी गाईंना लस टोचताना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा सापळा पाहिला. दाबल्यावर काही गाई शांत होत. त्यावरून त्यांनी स्वतःसाठी तसंच यंत्र बनवलं. दाब किती, केव्हा सोडायचा, हे आपल्या हाती.

ऑलिव्हर सॅक्स हे नामांकित डॉक्टर. त्यांनाही आधी वाटलं, हे सहलेखिकेनंच लिहिलं असणार. टेंपल यांचे इतर लेख वाचल्यावर त्यांचं मत बदललं.

मी तर डॉक्टरही नव्हे, काकू. एका लग्नात बायकांनी पुतण्याबद्दल विचारलं, आणि तो शेजारी उभा असताना मी बोलून गेले, “त्याला काही कळत नाही हो, बिचारा.” तो तेव्हा एकोणीस वर्षांचा. काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी शेंगा सोलत बसले होते, तो दारात आला. माझ्याकडं न बघता म्हणाला, “काकू, मला कळतं. बँडचा आवाज लागतो, म्हणून मी कान झाकतो. तू बिचारा म्हणालीस.”

जाऊबाई आत पोळ्या लाटत होत्या. लाटण्याचा आवाज थांबला. मी त्याची माफी मागितली. त्यानं शेंगांची टोपली ओढून घेतली नि सोललेले दाणे मोजायला लागला.