डोमेन पार्किंग: जाहिरात त्यांची, जबाबदारी तुमची

आज इंटरनेटच्या इतिहासातल्या एका गमतीदार धंद्याबद्दल बोलू. सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करतो.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी एका ऑफरमध्ये तीन डोमेन नावं घेतली. प्लॅन सोपा होता: नावं धरून ठेवायची, कधीतरी कोणीतरी चांगल्या भावाला घेईल. तोपर्यंत रिकामी कशाला, म्हणून ती एका पार्किंग सर्विसला जोडली. त्या पत्त्यावर कोणी आलं की जाहिरातींची यादी दिसणार आणि कोणी क्लिक केलं की त्यातला थोडा वाटा मला मिळणार. सहा महिन्यांत वडापावचे पैसेसुद्धा सुटले नाहीत. मग एक दिवस सहज पान उघडलं आणि पोटात गोळा आला. एक नाव आमच्या शहरातल्या एका कोचिंग क्लासच्या नावाच्या फार जवळचं होतं. घेताना माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पानावर जाहिराती होत्या त्याच्या स्पर्धक क्लासेसच्या.

त्या मी निवडल्या नव्हत्या, पण नाव माझं होतं. उद्या त्या सरांनी विचारलं असतं की हे काय चाललंय, तर मी काय सांगणार होतो? या प्रश्नाचं उत्तर गेल्या तीस वर्षांत वेगवेगळ्या कोर्टांनी आणि लवादांनी दिलंय.

फुकटातली नावं

पहिलं डॉट कॉम नाव होतं सिम्बॉलिक्स डॉट कॉम, १५ मार्च १९८५ ला नोंदवलेलं. तेव्हा नाव घ्यायला पैसे लागत नव्हते. सप्टेंबर १९९५ पासून नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीने दोन वर्षांचे १०० डॉलर घ्यायला सुरुवात केली. आता नाव सांभाळायला दरवर्षी खर्च आला, आणि रिकाम्या नावातून तो खर्च कसा काढायचा हा प्रश्नही आला. उत्तर होतं जाहिरात.

पुढे हा धंदा पूर्ण ऑटोमॅटिक झाला. तुम्ही तुमच्या डोमेनचा नेमसर्व्हर बदलून पार्किंग कंपनीचा टाकता. कोणी तो पत्ता उघडला की कंपनीचा सर्व्हर नावाचे शब्द सुटे करतो, त्यावरून विषय ओळखतो आणि जाहिरातींच्या नेटवर्ककडे त्या विषयाच्या जाहिराती मागतो. गूगलने २००३ मध्ये अप्लाइड सिमँटिक्स ही कंपनी विकत घेतली. तिच्याकडे पार्क केलेल्या डोमेनवर जाहिराती दाखवायचं तंत्र होतं. इथून छोट्या माणसालाही हा धंदा एका सेटिंगवर जमू लागला.

मेख अशी की मशीनला 'आंबा' हे फळ आहे की कोणाचा ब्रँड आहे, हे कळत नाही. नाव एखाद्या ब्रँडसारखं दिसलं तर त्या शब्दासाठी बोली लावणारे जाहिरातदार बहुतेक वेळा त्याच धंद्यातले असतात, म्हणजे स्पर्धक. माझ्या क्लासच्या पानावर हेच झालं होतं.

एका अक्षराची चूक

जॉन झुकारिनी या अमेरिकन माणसाने हेच मुद्दाम केलं. लोक टाइप करताना कुठे चुकतात हे बघून तो तशी नावं घ्यायचा. जो शील्ड्स नावाच्या कार्टूनिस्टची 'जो कार्टून' ही साइट चालायची. झुकारिनीने १९९९ मध्ये तिच्याशी मिळतीजुळती पाच नावं घेतली. चुकून तिथे गेलेल्या माणसाला जाहिरातींवर क्लिक केल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं, आणि दर क्लिकला झुकारिनीला १० ते २५ सेंट मिळायचे. अशी त्याच्याकडे हजारो नावं होती.

अमेरिकेत १९९९ मध्येच सायबरस्क्वॉटिंगविरोधी कायदा आला होता. त्याखाली कोर्टाने दर नावामागे १०,००० डॉलर लावले आणि २००१ मध्ये अपिलातही ते कायम राहिलं. केस उभी राहिल्यावर त्याने ती पानं निषेधाची पानं बनवून टाकली होती, पण कोर्टाने ते मानलं नाही. पुढे मुलांच्या आवडीच्या नावांवरून अश्लील साइट्सकडे लोक वळवल्याबद्दल २००४ मध्ये त्याला अडीच वर्षांची कैद झाली.

तुम्ही म्हणाल, तो तर सरळसरळ लबाड होता. बरोबर. पण त्या काळात बाकीचेही काही कमी नव्हते. नाव घेतल्यावर पाच दिवसांत परत केलं तर पैसे परत मिळायचे. काही लोक ढिगाने नावं घ्यायचे, पाच दिवस जाहिराती लावून कमाई बघायचे आणि न चालणारी परत करायचे. याला 'डोमेन टेस्टिंग' म्हणायचे, म्हणजे नावाची चव बघणं. आयकॅनने, म्हणजे डोमेन व्यवस्था सांभाळणाऱ्या संस्थेने, २००८-०९ मध्ये परत केलेल्या जादा नावांवरही फी लावली. हे प्रकार ९९ टक्क्यांहून जास्त घटले.

"मी काहीच केलं नाही"

आता माझ्यासारख्या आळशी माणसाकडे येऊ. डोमेनचे वाद सोडवण्यासाठी आयकॅनने १९९९ मध्ये यूडीआरपी नावाचे नियम केले. यातले बरेच वाद जिनिव्हाच्या वायपो संस्थेकडे जातात. २००० साली टेल्स्ट्रा या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या प्रकरणात तिथे ठरलं की नाव घेऊन नुसतं ठेवणंसुद्धा काही परिस्थितीत वाईट हेतू ठरू शकतं. पार्किंगबद्दल वायपोचं मत आणखी स्पष्ट आहे: जाहिराती दुसऱ्याने आपोआप लावल्या म्हणून मालक जबाबदारीतून सुटत नाही.

आणि ज्याने जाहिराती लावल्या, त्याचं काय? ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २०१० मध्ये गोडॅडीवर केस केली. अकादमीच्या नावांशी मिळतीजुळती अनेक डोमेन्स तिथे पार्क केलेली होती आणि जाहिरातीच्या कमाईत गोडॅडीचाही वाटा होता. २०१५ मध्ये कोर्टाने गोडॅडीच्या बाजूने निकाल दिला. एक महत्त्वाचं कारण असं की नाव घेताना ग्राहकाने लिहून दिलेलं असतं, 'हे नाव घेऊन मी कोणाच्या हक्कावर गदा आणत नाही.' कंपनीने त्यावर विसंबून राहणं कोर्टाला चुकीचं वाटलं नाही. आपण न वाचता ज्या चौकोनात टिक करतो ना, तो हाच.

पैसे तरी मिळतात का?

२०१४ मध्ये काही संशोधकांनी स्वतःच डोमेन्स पार्क केली आणि दुसऱ्या बाजूने स्वतःच जाहिरातदार बनून भिशीसारखा दोन्हीकडचा हिशेब जुळवून पाहिला. काही सर्विसेस खोटे क्लिक दाखवून जाहिरातदाराला लुटत होत्या, आणि काही ठिकाणी आलेली ट्रॅफिक विकून मालकाला त्याचा पत्ताच लागू देत नव्हत्या. आणि पानावर येणाऱ्या माणसाला कुठल्या साइटकडे ढकललं जाईल, यावरही मालकाचा ताबा नसतो. तिकडे मालवेअर असलं तरी शिव्या तुमच्या नावाला बसतात. २०२५ मध्ये तर गूगलने जाहिरातदारांना पार्क केलेल्या डोमेन्समधून आपोआप बाहेर काढायला सुरुवात केली.

आपल्याकडे

हे सगळं अमेरिकेतलं, असं समजू नका. १९९९ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या बाजूने आदेश दिला होता, 'रॅडिफ' नावाच्या साइटविरुद्ध. डोमेन म्हणजे फक्त पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळायला हवं, असं कोर्ट म्हणालं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिफी प्रकरणात तेच पक्कं केलं. डॉट इन नावांसाठी २००५ पासून वेगळी लवादाची पद्धतही आहे.

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर असं: सर, जाहिराती मी लावल्या नाहीत, पण जबाबदारी माझीच.

तुमच्याकडे नावं पडून असतील तर आज रात्री तीन गोष्टी करा. एक, ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर तुमचं नाव शोधून बघा, फुकट आहे. दोन, तुमचं पार्क केलेलं पान मोबाइलवर उघडा, कॉम्प्युटरवर उघडा आणि कोणाच्या जाहिराती येतात ते बघा. तीन, एखाद्या ब्रँडच्या जवळचं नाव असेल तर जाहिराती लगेच काढा. आणि त्याच ब्रँडला ते विकायचा विचार तर अजिबात करू नका, तोसुद्धा वाईट हेतूचा पुरावा ठरतो. साध्या शब्दाचं नाव असेल तर एक साधं पान आणि संपर्काचा ईमेल पुरे.

मी ते क्लासचं नाव रिन्यू केलं नाही. बाकी दोन अजून आहेत, त्यांच्यावर एकही जाहिरात नाही. विकली गेली की सांगतोच.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत टिक करायच्या आधी वाचत चला!