ऐकायला अवघड, वाजवायला सोपी

आज आम्ही पियानोची गोष्ट सांगणार आहोत. पेटीसारख्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं हे मोठं वाद्य. पोलंडच्या वॉर्सा शहरात तेक्ला बोंदाझेव्स्का या तरुणीची ‘कुमारिकेची प्रार्थना’ ही रचना १८५६ साली छापली गेली. ऐकताना वाटतं, बोटं वाऱ्यासारखी पळताहेत! खरं तर चाल एकच, थोड्या फरकाने परत परत येते. हात पसरून तोच सूर दोन सप्तकांत धरायचा. पायाने पेडल दाबलं की नाद रेंगाळतो, भरून येतो. घरी थोडंफार शिकलेल्या मुलींनाही ती जमली आणि देशोदेशी पोचली. जाणकारांनी नावं ठेवली. १८६१ मध्ये तेक्ला गेली. रचना मात्र आजही वाजते. दुसरीलाही जमेल असं करून देणं, याला आम्ही कसबच म्हणतो.