सरोगसी कायदा आणि कर्करोगमुक्त स्त्रीचे मातृत्व : एक ऐतिहासिक आढावा

कल्याण ही भारतातील पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी यांची जन्मभूमी होय. चौदाव्या वर्षी झालेला त्यांचा मुलगा दहा दिवसांतच दगावला. पुढे १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा विषय निवडला. आनंदीबाईंच्या काळी मातृत्वाच्या आड आला तो उपचारांचा अभाव. आज याच शहरातील कर्करोगमुक्त स्त्रीच्या बाबतीत उपचार यशस्वी होतात. अडथळा कायद्याच्या शब्दांत असतो.

कल्याण-डोंबिवलीतील अनेक रुग्ण ज्या परळला उपचारांसाठी जातात, तेथे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. परळच्याच के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून 'टेस्ट ट्यूब बेबी'चा जन्म झाला. गर्भाशय गमावलेल्या स्त्रीलाही स्वतःच्या बीजांडापासून अपत्य होऊ शकेल, ही शक्यता या तंत्राने निर्माण केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. परंतु त्यांना कायद्याचे बळ नव्हते. व्यापारी सरोगसीवर बंदी घालणारा कायदा २०२१ मध्ये संमत झाला व २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला.

२०२२ च्या नियमांत सरोगसीसाठी ग्राह्य वैद्यकीय कारणे दिली असून, स्त्रीरोगविषयक कर्करोगामुळे काढलेल्या गर्भाशयाचा त्यांत स्पष्ट उल्लेख आहे. मात्र १४ मार्च २०२३ च्या दुरुस्तीने दांपत्याची स्वतःचीच बीजांडे व शुक्राणू असले पाहिजेत, अशी अट घातली. किरणोपचार व केमोथेरपी यांनी बीजकोश निकामी होऊ शकतात, हे वैद्यकाला नवे नव्हते. म्हणजे ज्या आजाराला नियमाने दार उघडले, त्याच आजाराच्या उपचारांचा परिणाम दुसऱ्या नियमाने अपात्रता ठरविला. अशी विसंगती मसुदाकारांच्या नजरेतून सुटावी, हे आश्चर्यकारकच म्हटले पाहिजे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये जन्मजात व्याधीमुळे स्वतःची बीजांडे नसलेल्या एका स्त्रीपुरती सर्वोच्च न्यायालयाने ही अट स्थगित केली. त्यानंतर २१ फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने जिल्हा वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्रावर दांपत्यातील एकाचे बीज दात्याकडून घेण्यास मुभा दिली.

ही मुभा दांपत्यापुरतीच राहिली. विधवा व घटस्फोटित स्त्रीस ३५ ते ४५ या वयातच सरोगसी घेता येते आणि तिला स्वतःचेच बीजांड द्यावे लागते. उपचारांपूर्वी बीजांडे गोठवून न ठेवलेल्या, बीजकोश गमावलेल्या विधवेला त्यामुळे मार्ग उरत नाही. अविवाहितेची स्थिती अधिक विचित्र आहे. साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाचा २०२१ चाच कायदा एकवीस वर्षांवरील एकट्या स्त्रीला या तंत्राचा लाभ देतो. परंतु कर्करोगाने तिचे गर्भाशय गेले असेल, तर जपलेली बीजांडे हाती असूनही विवाह होईपर्यंत सरोगसी कायद्याच्या दृष्टीने ती इच्छुक माता ठरत नाही.